बोर्डाचा खालचा कोपरा

तीर्थरूप आईस, भिवंडीहून मंदाचा वाकून नमस्कार.

आम्ही बरे आहोत. ह्यांचा हात अजून थरथरतो, पण जेवतात स्वतःच्या हातानं. तुझा गुडघा कसा आहे?

ह्यांच्या हाताचं असं झाल्यापासून दुकानांचे बोर्ड मीच रंगवते, हे तुला ठाऊक आहे. खाली सही मात्र ह्यांची, ‘दामू पेंटर’. पंधरा दिवसांपूर्वी पोरीला शाळेची वही आणली. कव्हरवर दिवा धरलेल्या बाईचं जुनं चित्र आहे. मागं छापलंय, चित्र कोणी काढलं याबद्दल जाणकारांचं एकमत नाही. हे हसून म्हणाले, "एवढं काढलं आणि गडी सही करायला विसरला."

मी म्हटलं, "गडीच कशावरून?"

त्याच दिवशी कामतघरच्या टेलरच्या बोर्डावर मी माझं नाव घातलं. तो म्हणाला, "वहिनी, तेवढं नाव पुसा, लोक हसतील." मी म्हटलं, "पुसते की. पण मग सगळा बोर्डच पुसते." मुकाट्यानं घेऊन गेला.

तेव्हापासून नवं काम आलेलं नाही. हेही बोलत नाहीत. बोलतील. बाबांना एवढ्यात काही सांगू नकोस.

इकडं आलीस की टेलरच्या बोर्डाचा खालचा कोपरा बघ.

तुझी लेक,
मंदा पेंटर