आईचं ‘मग?’

आई, आज चर्चमध्ये उपासनेत शास्त्रपाठ वाचायची पाळी माझी होती. येशू लाजराला मरणातून उठवतो, तो भाग. एकाही शब्दाला न अडखळता वाचला. वाचून खाली बसले तर शेजारच्या बाई पर्समध्ये किल्ली शोधत होत्या. तेव्हापासून जिवाला चैन नाही. स्वयंपाक केला, भांडी घासली, उगीच दोनदा अंगणात जाऊन आले, आणि आता ही वही काढून बसलेय.

मला ती सत्तरच्या दशकातली वर्षं दिसतायत. माण तालुक्यात दुष्काळानं काही पिकेना म्हणून आपण सांगलीला आलो होतो आणि तू दवाखान्याच्या स्वयंपाकघरात रोग्यांसाठी भाकऱ्या थापायचीस. रविवारी मात्र काम दुसरीवर सोपवून उपासनेला मंडळीत धावायचीस, कोपराला पीठ तसंच, आणि थेट पहिल्या बाकावर. तुला अक्षरओळख नव्हती. पाळकसाहेब बायबल वाचायला लागले की तू पुढं पुढं सरकतेस. लाजर मेला, त्याला पुरलं, चार दिवस झाले, इथवर आलं की तुझा आवाज येतो, “अगं बया! मग?” मंडळी हसते. पाळकसाहेब थांबतात, तुझ्याकडं बघतात आणि मग पुढचं वाचतात.

मी तेव्हा मॅट्रिकला. मागच्या बाकावर माझ्या मैत्रिणी असायच्या. एका रविवारी घरी येताना मी तुला रस्त्यातच गाठलं.

“आई, दरवर्षी तेच वाचतात. तो उठतो हे तुला ठाऊक नाही का?”

“ठावं हाय की. पर आज काय हुतंय, ते कुणाला ठावं?”

“लोक हसतात तुला. मला लाज वाटते.”

तू पदर सारखा केलास आणि चालायला लागलीस. पुढच्या रविवारी तू भिंतीकडच्या बाकावर बसलीस, तोंडावर पदर धरून. मला वाटलं, सुटले.

महिन्याभरानं पाळकसाहेबांनी मला दाराशी थांबवलं. तू कामाच्या घाईनं पुढं निघून गेली होतीस.

“आईला बरं नाही का गं?” ते म्हणाले. “ती ‘मग’ म्हणायची ना, तेव्हा मलासुद्धा वाटायचं, आता काहीतरी होणार. हल्ली मी नुसतं वाचून संपवतो.”

“घसा बसलाय तिचा,” मी म्हणाले.

“तिला सांग, आम्ही वाट बघतोय म्हणून.”

त्यानंतर तू जाईपर्यंत बरीच वर्षं मंडळीत आलीस आणि गप्प बसलीस. आता आमच्याकडं उपासनेचा क्रम छापून देतात. पुढं काय होणार ते प्रत्येकाच्या हातातल्या कागदावर असतं, आणि तो कागद मीच तयार करते. दर रविवारी वाटतं, आज कुणीतरी मध्येच विचारेल. कुणी विचारत नाही. मलाही धीर होत नाही.

हे पत्र वहीतच राहणार. पाळकसाहेबांचा निरोप मी तुला दिला नाही, आई. विसरले म्हणून नव्हे.