रानडुकराचा रस्सा

६ जून २०२०, टूवूंबा, ऑस्ट्रेलिया
शेजारचा ग्लेन रानडुकराची मांडी देऊन गेला. पिशवी कुंपणावर ठेवून स्वतः लांब उभा. शिकारीला बरा मोकळा हिंडतो, आम्ही मेले घरात कोंडलेलो. म.चा, म्हणजे आमच्या महेशरावांचा, आनंद गगनात मावेना. लहानपणी गावाला खाल्लेलं म्हणे. मी बजावलं, चौथा महिना लागलाय, अर्धकच्ची एक बोटीही चालणार नाही. लग्नानंतर इतक्या वर्षांनी दिवस राहिलेत.
"अगं, विरघळेपर्यंत शिजव."
ग्लेन जाताना ओरडला, "कापताना ग्लव्ह्ज घाल, मेट." म. हसला.

७ जून
म.ने मांस सोडवलं. ग्लव्ह्ज नाहीतच. बोटाला सुरी लागली, तर हळद दाबून पुढे चालू. मग ऑफिसचा फोन. तुकडे तसेच.
आलं-लसूण-हळद-मीठ मीच चोळलं. ग्लव्ह्ज घातले होते, पण रबरातून काही कळेना, काढून टाकले. सॅनिटायझरने बोटं फुटलीयत, आग आग झाली. कुकरच्या शिट्ट्या मोजल्याच नाहीत. वर मांसात स्वयंपाकाचा थर्मामीटरही खुपसला. कच्चं राहायची बिशाद नव्हती.
म.ने बोटं चाटली. "तुझ्या हाताला चव आहे." डस्टबिनमधले ग्लव्ह्ज बघून, "शहाणी गं माझी बाई." मी काही बोलले नाही. कौतुक चाललं होतं.

२८ जून
म.ला ताप. अंग ठेचल्यासारखं दुखतंय. गाडीतूनच टेस्ट देऊन आला. आता मागच्या खोलीत. ताट दाराशी ठेवून लांब होते. आईला फोनवर सांगितलं नाही, उगाच घोर.

३० जून
निगेटिव्ह! देवापुढे साखर ठेवली.
संध्याकाळी परत ताप. चादर पिळून काढावी इतका घाम.

४ जुलै
दुसरी टेस्टही निगेटिव्ह. सकाळी ठणठणीत, दिवेलागणीला थंडी वाजून कुडकुडतो. मग हे आहे तरी काय?
कुंपणाशी ग्लेन भेटला. ऐकून म्हणाला, त्याचा मेहुणा असाच आजारी पडला होता, डुकरं कापून. "डॉक्टरला डुकराचं सांगा. आजच."
आम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नाही. सगळे फक्त कोविड विचारतात.

६ जुलै
डॉक्टरबाई फोनवर, स्पीकर चालू. रानडुकरांचा एक जंतू असतो, कच्च्या मांसातून जखमेवाटे शिरतो. शिजवलेल्याची भीती नाही. म.ला रक्ततपासणीला बोलावलंय.
"घरात कुणी गरोदर?"
"बायको. पण तिने फक्त खाल्लं. मसाला लावताना ग्लव्ह्ज होते."
"देन नो वरीज. नाहीतर बाळाला धोका असतो."
मी ओट्याशी उभी. कांदा चिरलेला हात तसाच. नऊ शिट्ट्या दिल्या असतील नाहीतर अकरा, काय उपयोग. भीती खाण्याची बाळगली, आणि हात...

७ जुलै
म.ला सांगितलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. माझी बोटं उलटीपालटी करून बघत बसला. भेगा अजून आहेत.
क्लिनिकला फोन केला. दोघांनी या म्हणाले, लगेच. म. गाडी काढतोय.
मी थर्मामीटर लावला. नॉर्मल. म.चाही सकाळी नॉर्मलच असतो. संध्याकाळी परत लावीन.