पुढचा शॉकअप मऊ करण्याची हकिकत

न्याकागाबा, काबालेच्या वरची टेकडी
मंगळवार, नाश्त्यानंतर

तीर्थरूप कानिसियो मामांना,

भाचा तिबेसिग्वा याचा नमस्कार. पायांवर डोकं ठेवलं आहे असं समजावं. खरोखर ठेवायचं तर माझी कंबर अजून आठवडाभर तरी वाकायची नाही, आणि ती का वाकत नाही हे सांगायलाच हे पत्र लिहितो आहे. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? (गेला नसेल तर त्यांना सांगा, धुरात बसून ज्वारीची आंबील ढवळणं थोडे दिवस सुनेवर सोपवा. ती बिघडवते हे मलाही माहीत आहे, पण मामी एकच आहेत.) इकडे सगळे ठीक. बटाटे बरे आले. मी ठीक. गाडी ठीक नाही.

आता मुळापासून सांगतो. आमच्या टेकडीवर प्रिस्का कोबुसिंग्ये नावाच्या बाई राहतात. सहा वर्षांपूर्वी नवरा गेला, तेव्हापासून एकट्या कोंबड्या पाळतात, आणि रबरी बूट घालून चालतात ते शेजारच्या टेकडीवर ऐकू येतं. त्यांची अंडी मंगळवारी आणि शुक्रवारी मी माझ्या मोटरसायकलवरून काबालेला पोचवतो. तिथले हातगाडीवाले ती चपातीत गुंडाळून रोलेक्स म्हणून विकतात. खाली जाणारा रस्ता तुम्ही पाहिलाच आहे. (मागच्या खेपेला तुम्ही डोळे मिटून घेतले होते, म्हणजे ऐकलाच आहे.) खड्डा आला की पुढचा शॉकअप पार तळाला जाऊन आपटायचा, आणि प्रत्येक फेरीला पाच-सात अंड्यांना तडे जायचे. प्रिस्काबाई ओरडत नसत. तडकलेली अंडी परत आणायला लावायच्या, त्यांचंच ऑम्लेट करून नाश्ता म्हणून माझ्यापुढे ठेवायच्या आणि मी संपवेपर्यंत समोर बसून बघत राहायच्या. मामा, सेहेचाळीस वर्षांच्या अविवाहित माणसाला कुणी असं बघितलं की घास नीट उतरत नाही. तरी मी थाळी पुसून खात असे.

मग मागच्या आठवड्यात सोमवारी त्या म्हणाल्या, "शुक्रवारी मिशनमध्ये बिशपसाहेबांचं जेवण आहे. वीस ट्रे अंडी न्यायची आहेत. पाचाच्या वर फुटली तर पुढच्या आठवड्यापासून सेवेरिनोला सांगेन. त्याची गाडी नवी आहे."

सेवेरिनो! चौकातला तो उंच माणूस, ज्याच्या गाडीच्या हँडलला लोकरीचे गोंडे लटकलेले असतात. शॉकअप मेकॅनिककडे न्यावा, तर आमचा एकमेव मेकॅनिक हा सेवेरिनोच्या बहिणीचा नवरा. तेव्हा ठरवलं, हे काम घरीच करायचं.

मदतीला एरिफाझी मास्तर आले. (तेच, बावीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी आयुष्यात मोटरसायकल चालवलेली नाही, पण तिच्याबद्दलची त्यांची मतं पक्की आहेत.) ते म्हणाले, "तिबेसिग्वा, स्प्रिंग म्हणजे काय? दाबलं की परत येते ती स्प्रिंग. बाकी सगळं सोपं आहे." आम्ही गाडीचं पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांपैकी (शॉकअप त्यांच्याच आत असतो) डाव्याचं वरचं झाकण पान्याने सोडवायला लागलो. आधी पुढचं चाक उचलून स्प्रिंगवरचा भार काढायचा असतो, हे मास्तरांना माहीत होतं. मला मात्र त्यांनी ते झाकण उडाल्यावर सांगितलं. ते झाकण, मामा, मास्तरांची टोपी घेऊन वर गेलं, केळीच्या पानांतून आरपार झालं आणि शेजारच्या प्रार्थनाघराबाहेर घंटा म्हणून टांगलेल्या ट्रकच्या चाकाच्या रिंगवर आदळलं. टण्णकन आवाज झाला, इतका सुरेल की तसा पास्टरसाहेबांच्या हातूनही कधी निघाला नाही.

भर दुपारी, वेळ नसताना घंटा वाजली म्हणजे आमच्याकडे कुणीतरी गेलं असं समजतात. पाचच मिनिटांत सहा आज्या डोक्याला फडकी बांधून धापा टाकत अंगणात हजर. "कोण गेलं?" मास्तर खाली बसून टोपी शोधत होते. ते न बघताच म्हणाले, "झाकण गेलं." त्यातल्या एका आजीने, एवढी चढण चढून आलेच आहे तर, म्हणून थोडं रडून घेतलं. मग सगळ्या केळीखाली बसल्या आणि संध्याकाळपर्यंत आम्हाला शॉकअप कसा करावा ते सांगत राहिल्या.

आतलं तेल काढलं, ते कोळशासारखं काळं निघालं. नवं दाट तेल मी आणलं होतं, पण ते डाव्या पायातच संपलं. उजव्यात मास्तरांच्या सल्ल्याने सूर्यफुलाचं ओतलं. ("तेल ते तेल," इति मास्तर.) पहिल्या प्रयोगात स्प्रिंगच्या वर पाण्याच्या पाइपाचे तुकडे कापून घातले, म्हणजे शॉकअप तळाला जाणार नाही. तो तळाला काय, कुठेच जाईना. ओहळावरून गेलो तर गाडी बोकडासारखी चारी पायांवर उडाली. (दोन चाकं आहेत हे मला ठाऊक आहे. मला चार वाटली.) कंबर गेली ती तेव्हा.

दुसऱ्या प्रयोगात तुकडे काढले, मूळ स्प्रिंगा अर्ध्या कापल्या आणि वर मास्तरांच्या जुन्या सायकलच्या सीटखालच्या स्प्रिंगा बसवल्या. आता मात्र काय मऊपणा, काय मऊपणा! ब्रेक लावला की गाडी पुढून इतकी वाकायची की समोरचा माणूस उलट वाकून मला नमस्कार करायचा. थांबल्यावरही मी आणखी तीनदा वरखाली होत असे. चौकात दोन अनोळखी म्हाताऱ्यांनी माझी विचारपूस केली, एवढ्या अदबीचा रायडर त्यांनी बघितला नव्हता. परीक्षा म्हणून मास्तरांना हातात आंबिलीचं भरलेलं वाडगं देऊन मागे बसवलं आणि टेकडीला एक फेरी मारली. वाडग्यातला थेंब सांडला नाही. मास्तर तेवढे उतरून बराच वेळ केळीला धरून उभे राहिले आणि म्हणाले, आपण कधी बोटीत बसलो नव्हतो, ते आज झालं.

शुक्रवार उजाडला. वीस ट्रे, म्हणजे सहाशे अंडी. मी दोरी घेऊन पुढे झालो तर प्रिस्काबाई म्हणाल्या, "दोरी ठेव. आज मी बांधते. आणि मी बरोबर येते." मागे ट्रेच्या दोन चळती, मधे ज्वारीचा भुसा, वरून सायकलच्या जुन्या ट्यूबा ताणून बांधलेल्या. त्यांच्या आणि माझ्या मध्ये मात्र काही नाही. मी ब्रेक लावला की गाडी वाके, गाडी वाकली की प्रिस्काबाई पुढे घसरून माझ्या पाठीवर येत. मी जरा जास्तच ब्रेक लावले हे तुमच्यापासून कशाला लपवू.

अर्ध्या उतारावर त्यांनी विचारलं, "तिबेसिग्वा, तू काही तळतोयस का?"

वास मलाही येत होता. उजव्या पायाचं सील फाटून सूर्यफुलाचं तेल वाहत होतं. काही थेंब वाऱ्याने उडून तापलेल्या इंजिनावर पडत होते, आणि उरलेलं सगळं खाली पुढच्या ब्रेकमध्ये जात होतं. मी ब्रेक दाबला. गाडी वाकली नाही. पुन्हा दाबला. मामा, ज्या वाकण्याचा मला इतके दिवस अभिमान होता, ते नेमकं तेव्हाच बंद पडलं. मागचा ब्रेक सहाशे अंडी आणि दोन माणसांना पुरेना. पुढे वळण, वळणाच्या पलीकडे दरी, आणि दरीच्या तळाला तळं. प्रिस्काबाई किंचाळल्या. मी त्यांना धीर दिला.

मग त्यांनी दोन्ही रबरी बूट जमिनीला लावले. एवढी धूळ उडाली की मागून येणारी गाढवं थांबली. "डावीकडे! चवळीच्या काडाकडे!" रस्त्याकडेला कुणीतरी शेंगा झोडून काडाचा ढीग घातला होता, घराएवढा. मी हँडल वळवलं. आम्ही त्या ढिगात शिरलो, शिरतच राहिलो, आणि आतल्या अंधारात थांबलो. पुढचा शॉकअप अगदी सावकाश खाली गेला आणि पुन्हा वर आला नाही.

बाहेर आलो आणि मी रस्त्याकडेला खाली बसलो. प्रिस्काबाई केसांतलं काड न काढताच ट्यूबा सोडून एकेक ट्रे तपासत होत्या. मी तिथेच बसून म्हटलं, "मोजू नका. द्या काम सेवेरिनोला." त्यांनी विसाव्या ट्रेपर्यंत मोजलं. एकही फुटलं नव्हतं. एकही नाही!

"शॉकअप!" मी ओरडलो. "बघा, शॉकअपची कमाल!"

"शॉकअप नाही," त्या म्हणाल्या, "बांधणी. तू दोरीने सैल बांधतोस म्हणून फुटतात. मला हे जानेवारीपासून माहीत आहे."

"मग सांगितलं का नाही?"

त्यांनी बूट काढून त्यातले खडे झटकले. ते बरेच निघाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सांगितलं असतं, तर तू नाश्त्याला थांबला असतास?"

मामा, त्यानंतरचा अर्धा तास मला नीट आठवत नाही. मिशनला निघालेल्या बायका खाली येत होत्या. त्यांनी एकेक ट्रे डोक्यावर घेतला आणि गात उतरल्या, आणि मी मागून गाडी ढकलत, गाणं येत नसताना गात, हसत, कंबर धरत उतरलो. सहाशेच्या सहाशे अंडी पोचली. सेवेरिनो चौकात उभा होता. मी त्याला नमस्कार केला. मनापासून केला.

थोरांना दंडवत, धाकट्यांना पाठीवर थाप, आणि तुमच्या गुडघ्याला आराम पडो.

तुमचा,
तिबेसिग्वा

ता.क. येताना म्बाराराहून पुढच्या शॉकअपची जोडी आणा. येताना म्हणजे, तुम्ही यायचं आहे हे वर लिहायचं राहिलं. प्रिस्काबाईंच्या भावांकडे माझ्यासाठी लग्नाची बोलणी करायची आहेत. बहिणीसाठी नवऱ्याने गाई किती द्यायच्या यावर ते फार बोलतात, आणि त्यांच्याहून जास्त बोलणारे आपल्या घराण्यात तुम्हीच.

ता.क. दुसरा : किंचाळलो ते मी होतो. धीर त्यांनी दिला.

ता.क. तिसरा : प्रिस्काबाईंना मी अजून विचारलेलं नाही. चारदा तोंड उघडलं, चारही वेळा शॉकअपबद्दलच बोललो. तेवढंही तुम्हीच आल्यावर विचारा, ही खरी विनंती.

ता.क. चौथा : हे पत्र त्यांच्याच ओट्यावर बसून लिहितो आहे. त्यांनी आत्ताच चुलीजवळून विचारलं, एवढं लांबलचक कुणाला लिहितोयस? मी म्हटलं, मामांना, शॉकअपची जोडी मागवायला. त्या म्हणाल्या, "जोडी मागवायला एवढी पानं लागत नाहीत. त्यांना लिही, शनिवारी या म्हणावं. रविवारी माझे भाऊ घरी नसतात."