बघ्यांच्या मांडवापर्यंतचे अंतर मोजण्यासाठी दुसरा माणूस मिळण्याबाबत

दिनांक: १० फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष,
मराठी मित्रसभा,
रोल्ला, शारजा.

विषय: जुन्या बेसबॉल मैदानाच्या मोजणीसाठी सभेचे शिफारसपत्र मिळण्याबाबत.

संदर्भ: स्मरणिकेच्या 'आखातातील आपली माणसे' या विभागासाठी सभेने मागवलेले लेख.

महोदय,

१. अर्जदार हर्बर्ट डाबरे हा मूळचा वसईचा असून शारजातल्या एका केटरिंग कंपनीच्या खरेदी विभागात नोकरीस आहे. या भागात बेसबॉल पहिल्यांदा कुठे आणि कोणी खेळला, याचा शोध तो काही वर्षे घेत आहे. हा खेळ आपला नव्हे, हे त्याला मान्य आहे. स्वतः तो बेसबॉल कधीही खेळलेला नाही, कारण खेळाला माणसे लागतात.

२. शहराबाहेर, गोदामांच्या मधल्या एका कुंपणात, सत्तरच्या दशकातले असे एक मैदान शिल्लक आहे. तेलविहिरी खणायला आलेल्या अमेरिकन लोकांसाठी ते तयार झाले; तयार करणारे मात्र दापोली-गुहागरकडचे मजूर होते. वाळू उडू नये म्हणून तिच्यावर तेल शिंपडून ती चोपली. आता प्रश्न आला बघ्यांच्या मांडवाचा. बेसबॉलमध्ये बघे फटका मारणाऱ्याच्या पाठीमागे बसतात. आपल्या लोकांनी मांडव त्याच्या समोर, दूर पश्चिमेला घातला. त्या टोळीतले दौलत पाष्टे आता गुहागरला असतात. ते फोनवर म्हणाले, "आमच्याकडं नमनाचा खेळ असला की माणसं समोर बसतात. पाठीमागं बसून बघायचं काय, बॅटवाल्याचं ढुंगण?" (शब्द त्यांचे आहेत.)

परिणामी संध्याकाळी फटका मारणाऱ्याच्या डोळ्यांत मावळता सूर्य आणि बघ्यांच्या मांडीवर चेंडू. शेवटी सामने शुक्रवारी सकाळी ठेवावे लागले, तेव्हा ऊन बघ्यांच्या तोंडावर आले. म्हणजे ज्यांच्या सोयीसाठी हा सगळा खटाटोप, तेच भाजून निघाले. जुन्या फोटोंत सगळे बघे डोळ्यांवर हात धरून का बसले आहेत, याचा उलगडा अर्जदाराच्या मते यामुळे होतो. मांडवाच्या खांबांचे बुंधे आणि फटका मारायच्या जागेचा काँक्रीटचा पाट अजून जमिनीत आहेत. त्यांमधले अंतर मोजले तर ही चूक आपल्या माणसांच्या नावावर इतिहासात लागेल. एरवी ती कुणाचीच राहणार नाही.

३. सोमवार, २४ फेब्रुवारीला मैदान सपाट होणार आहे. जमीनमालकाने मोजणीला होकार दिला आहे. अडचण फाटकावर आहे. सुरक्षेच्या नियमानुसार एकट्याला आत सोडत नाहीत. चौकीदार म्हणतो, "हबीबी, एक आदमी नहीं चलेगा. दो आदमी लाओ, फिर यल्ला, चलो." शिफारसपत्र हा माणूस नव्हे, हे हा परिच्छेद लिहिताना अर्जदाराच्या ध्यानात आले. सबब,

विषय (सुधारित): शुक्रवार, २१ फेब्रुवारी रोजी सकाळी एक माणूस मिळण्याबाबत.

४. अर्जदाराने आपल्या परीने प्रयत्न केले नाहीत असे नाही. खोलीतला सोबती मिथुन म्हणाला, "अंकल, क्रिकेट असतं तर पळत आलो असतो." ऑफिसातला नागेश म्हणाला, "माणूस कशाला पाहिजे? लेझरचं मशीन घ्या, खलास." मशीन घेतले. ते उत्तम चालते. फक्त समोरच्या टोकाला फळी धरायला माणूस लागतो, आणि फाटकावर मशीनला माणूस धरत नाहीत. मुलगी टेसा अबुधाबीला, अल रीम आयलंडवर राहते. ती म्हणाली, "पपा, नॉट अगेन. सेंड मी द लोकेशन, आय विल सी." लोकेशन पाठवले. तिने ते पाहिले, असे फोनवर दिसते. पत्नी अ‍ॅग्नेस आईच्या आजारपणासाठी गेल्या वर्षी वसईला गेली. ती रोज विचारते, "जेवलास का?" बेसबॉलचा विषय काढला की ती समजते, हा अजून जेवलेला नाही.

५. (या परिच्छेदात दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या, तिघांच्या जुन्या घराचे वर्णन होते. ते विषयाला धरून नसल्याने काढले आहे.)

६. सभेच्या सचिव संपदाताई यांनाही अर्जदार भेटला. त्या म्हणाल्या, "सर, टॉपिक छानच आहे हो, पण ऑडियन्स कुठून आणू? क्रिकेटवर बोला ना, हॉल भरेल." त्यांचे खरे आहे. अर्जदाराच्या नोव्हेंबरातल्या व्याख्यानाला चार जण होते, पैकी दोघे पुढच्या कार्यक्रमाचा माईक लावत होते. तरी त्यांतल्या एकाने वायर गुंडाळता गुंडाळता विचारले, "मग बॉल लागला का कुणाला?" लागला होता. पण अर्जदार कागद चाळेपर्यंत तो माणूस निघून गेला. तो पुन्हा भेटल्यास त्यालाच पाठवावे.

७. येणाऱ्याला खेळाची माहिती असण्याची गरज नाही. मराठी यावे. हिंदीही चालेल. न बोलणाराही चालेल. त्याने फळी धरून उभे राहायचे आहे. मोजणी लवकर उरकेल. अर्जदार चहा आणि पुरणाच्या करंज्या आणेल. एक चेंडू आणि दोन हातमोजेही आणेल, त्यांची सक्ती नाही. खोलीत त्याने भिंतीवर चेंडू टाकून पाहिला, तर पलीकडच्या भाडेकरूने भिंत ठोकली. त्या दिवशी कुणीतरी उत्तर दिले, असे अर्जदाराला क्षणभर वाटले. सबब,

विषय (पुन्हा सुधारित): माणूस मिळण्याबाबत.

८. सभेची अडचण अर्जदार समजू शकतो. विनंती मान्य करणे शक्य नसेल तर नकार कळवावा. मात्र तो ईमेलने, फोनवर किंवा लेखी कळवू नये. शुक्रवारी सकाळी कुणाच्या तरी हस्ते, तोंडी, फाटकावर पाठवावा. निरोप सांगायला आलेला माणूसही दुसरा माणूस म्हणून धरला जातो, हे अर्जदाराने चौकीदाराला विचारून घेतले आहे.

फाटकाबाहेर वाट पाहणारा,

(सही)
हर्बर्ट डाबरे
अर्जदार

सोबत:
१) मैदानाचा कच्चा नकाशा. एक अंतर मोजायचे राहिले आहे.
२) फाटकापर्यंत येण्याचा रस्ता, हाताने काढलेला.