हळदीच्या गाण्याचा मालक

आये, तुझं हळदीचं गाणं आता एका कंपनीचं आहे. शब्दही तिचे, चालही तिची. कुणा एकाने त्याला ठेका लावला, गीत-संगीत म्हणून स्वतःचं नाव टाकलं आणि हक्क कंपनीला विकले. कसाऱ्यापासून कल्याणपर्यंत त्याच्याशिवाय वरात निघत नाही.

परवा सापगावला दादाच्या मुलीचं लग्न झालं. हळदीला बायांनी डीजे बंद करायला लावला आणि तुझं गाणं टाळ्यांवर म्हटलं. पोरीने ते मोबाइलवरून इंटरनेटवर टाकलं. सकाळी पिवळ्या हातांनीच ती माझ्याकडे आली. "आत्या, बघ गो. तोंडा हलतात, आवाजच नाय. कंपनीनी बंद केला." मागून शेजारची काकी म्हणाली, "बरा झाला, माजा गला बसलेला कोनाला कललाच नाय." सगळ्या हसल्या. मला हसता आलं नाही.

मला अजून दिसतं: मुरबाडच्या घरात तू चुलीपुढे बसली आहेस, तांदळाच्या भाकऱ्या थापतेस. माझं लग्न ठरलंय. तू गावोगावच्या लग्नांत धवले गाणारी धवलारीण, पण आज गुणगुणतेस ते मी कधी ऐकलेलं नाही: "हलद लागली सिद्धगडाला, माज्या लेकीच्या गालाला." मी चार पुस्तकं वाचून शहाणी झालेली. म्हटलं, "आये, शेवटी तुझं नाव घाल. कवी घालतात." तू पिठाचा हात माझ्यावर उगारलास. "लगीन माजा हाय का गो? शेवटाला नवरीचा नाव येतंय. माजा घातला त पुढच्या मांडवात काय गाऊ?" माझ्या हळदीला माझं नाव आलं, पुढच्या मांडवात दुसरीचं. शेवटच्या ओळीतल्या त्या मोकळ्या जागेवर मी पुढे जन्मभर भाषणं केली. जंगल, पाणी, गाणं कोणा एकाचं नसतं, असं शहापूरच्या चौकात ओरडून सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता कंपनीने त्या जागी कुठलंसं एक नाव कायमचं बसवून टाकलंय.

दादाला घेऊन मी वकिलाकडे गेले. तो म्हणाला, "ताई, गाणं सगळ्यांचं म्हणालात तर दावा कोण करणार? कंपनीचा कागद तसाच राहील. आईने एकटीने रचलं, असं शपथेवर सांगा. मग हक्क वारसांचा."

"आणि सापगावच्या बाया?"

"तुमची परवानगी घेतील."

"मी सगळ्यांना मोकळं करीन."

"वारस तुम्ही एकट्या नाही."

तेवढ्यात दादाने विचारलंच, "मग कंपनी आपल्याकडून इकत घेल का?"

मी शपथपत्रावर सही केली नाही, तर बायांची तोंडं मुकी. केली, तर कंपनीच्या जागी आम्ही, आणि उद्या पुन्हा कंपनीच. शिवाय गाणं तूच रचलंस, हे खरंच आहे. खोटं बोलायचं असतं तर नाही म्हणणं सोपं होतं. ज्या चौकात बोलले त्याच चौकातून रोज जाते आणि मान वर होत नाही.

वकील म्हणाला, "आई गायची तसं एकदा म्हणून दाखवा." मी म्हटलं. दादा डोळे पुसू लागला. वकील खूश झाला. "चाल हुबेहूब! चोरी सरळ दिसते."

त्याला मी खरं सांगितलं नाही. हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहिते. चाल हुबेहूब होती, कारण ती कंपनीच्या गाण्याचीच होती. तू मध्येच भाकरी उलटायला थांबायचीस आणि तिथून आवाज खाली न्यायचीस. ते कुठे, मला आठवत नाही. डोळे मिटून तुला ऐकू बघते, तर आधी त्यांचा ठेका सुरू होतो.