आंबेखिंडच्या वरच्या वाडीतील अकरा घरे हलविण्याबाबत

प्रति,
मा. मंडळ अधिकारी,
आंबेखिंड मंडळ, ता. राधानगरी, जि. कोल्हापूर

अर्जदार : शीमोन यशवंत आवळे, वय ७१, सेवानिवृत्त रस्ता मुकादम, रा. कोल्हापूर

विषय : दरड कोसळण्यापूर्वी वाडी रिकामी करून मिळणेबाबत (अर्ज तिसरा)

संदर्भ : आपले दि. ३ जुलैचे पत्र, "पाहणी पावसाळ्यानंतर करण्यात येईल."

महोदय,

अर्जदाराने चौतीस वर्षे घाटरस्त्यावर नोकरी केली. निवृत्त झाल्यावर तो आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या पाळकांकडे गेला व म्हणाला, "हातपाय चालत्यात तवर काम सांगा." पाळकांनी एकट्या, आजारी वृद्धांच्या भेटीचे काम दिले. तेव्हापासून तेरा वर्षे अर्जदार दर गुरुवारी एस.टी.ने येऊन वाडी चढतो. वाडीत ख्रिस्ती घर एकच. परंतु औषध पोचवणे, कागद वाचून दाखवणे व कोणी म्हटल्यास प्रार्थना करणे, ही सेवा अकराही घरांत चालते.

२. दि. १९ जून रोजी वाडीमागच्या डोंगराला बोटभर भेग दिसली. दि. १० जुलै रोजी तीत अर्जदाराचा हात खांद्यापर्यंत गेला. गेल्या गुरुवारी तीन घरांची दारे चौकटीत अडकली आणि दोन दिवस उघडीप असूनही झऱ्याला तांबडे पाणी आले.

३. असे पाणी अर्जदाराने नोकरीत एकदा पाहिले होते. साहेबांना सांगू, सांगू म्हणत त्याने दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी दरड आली. तीत सापडलेले गणपतराव नावाचे मैलकामगार अद्याप मिळालेले नाहीत. त्यांच्या पत्नीला निरोप अर्जदारानेच दिला होता.

४. दुसरा अर्ज देतेवेळी आपल्या कार्यालयातील लिपिक म्हणाले, "पावणं, वाडीत तुमचं घर न्हाय, शेत न्हाय. अर्ज कुठल्या नात्यानं करताय?" अर्जदाराने अर्जाची पोच मागून घेतली.

५. आज पहाटे डोंगराच्या पोटातून भरली गाडी दगडावरून जावी तसा आवाज आला. तांबड्या पाण्यामुळे गुरुवारची वाट न पाहता अर्जदार कालच वाडीत आला असल्याने त्याने दारोदार जाऊन दहा घरांतील माणसे खालच्या गावच्या शाळेत पोचवली. अकराव्या घरी कै. पिराजी यांच्या पत्नी चिमणाबाई, वय ८४, अंथरुणास खिळून आहेत. त्या म्हणतात, "मालक ह्याच उंबऱ्यावरनं गेलं. मी बी हितनंच जानार. तुमी जावा की." त्यांना उचलण्यास चार माणसे लागतात. आवाज ऐकल्यापासून वर चढण्यास कोणी तयार नाही, व त्यांना दोष देता येत नाही. अर्जदार पुन्हा वर येऊन त्यांच्या उशाशी बसला आहे. त्याला भीती वाटते, हे तो लपवीत नाही.

६. तरी चार माणसे व डोली तातडीने पाठवावी. गाडी वाडीखालच्या ओढ्याच्या अलीकडेच थांबवावी. मात्र ओढ्याचे पाणी एकाएकी आटलेले दिसल्यास दरडीने ते वर अडवले आहे व केव्हाही फुटून येईल असे समजावे, आणि आपल्या एकाही माणसास वर पाठवू नये.

आपला नम्र, मुक्काम वरची वाडी,
शीमोन यशवंत आवळे
दि. २४ जुलै २०२५, सकाळी अकरा

सोबत (अर्जासह मोबाइलवर फोटो काढून पाठविले) :
१) आधीच्या दोन अर्जांच्या पोचपावत्या
२) वाडीतील एकेचाळीस माणसांची यादी. खाली पोचलेल्या चाळीस नावांपुढे खूण आहे. शेवटी, बेचाळिसावे, अर्जदाराने आपलेही नाव लिहिले आहे.