आखाजीसाठी लांब गाडी

२ एप्रिल, बुधवार
धुळ्याला तिसरी गाडी पाहिली. नापास. विकणारा म्हणे, "डॉक्टरची आहे, एकाच हातची." विकायला आलेली प्रत्येक गाडी डॉक्टरचीच कशी असते? मीटर सांगतं थोडीच चालली, आणि ब्रेकचं पेडल झिजून गुळगुळीत. वीज मंडळात मीटरचोऱ्या पकडण्यात माझी सगळी नोकरी गेली. मला शिकवतो!
हवी स्टेशन वॅगनच. मागची सीट पाडली की सपाट अंथरूण होतं. मणक्याच्या ऑपरेशननंतर मंगलाला बसवत नाही. न्यायचं तर झोपवून, आणि हिसका अजिबात नको. तिला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सोनगीरला माहेरी जायचंय. मागची आखाजीही दुखण्यात गेली. सासूबाई आता पिकलं पान. ॲम्ब्युलन्स सुचवली तर भडकली. "आखाजीले ॲम्ब्युलन्समा माहेरले जाऊ? बठ्ठं गाव रडाले येई!"
खरं आहे तिचं.

८ एप्रिल
फैजपूर. केळीवाले नाना, सत्तरीचे. गाडी चंदेरी, लांबलचक. मंगलाच्या उंचीची सुतळी कापून नेली होती, मागे पसरून पाहिली. मावते. दारांच्या कडा, डिकीखालचा पत्रा, रंगाची जाडी, सगळं तपासलं. नाना शांतपणे सुपारी कातरत बसलेले. विकणारा इतका शांत असतो का?
"विकता कशाला?"
"पोरानं मोठी घेतली. ही उभीच राह्यते. चालवून पाहा ना भाऊ."
यावलच्या रस्त्याने चालवली. लोणी. खड्ड्यात पोटातलं पाणी हललं नाही. डिकीत खताच्या गोण्या होत्या, म्हटलं काढू का, तर म्हणे राहू द्या, शेतात उतरवायच्याच आहेत.
काही खोट सापडली नाही याचीच जास्त भीती वाटली. तरी हो म्हणालो. आखाजी तोंडावर आलीय.

१३ एप्रिल
गाडी आणली. आणि फसलो!
भुसावळच्या पुढे जरा वेग घेतला तर मागचा भाग नाचायला लागला. एक मोटारसायकलवाला आडवा आला, स्टेअरिंग किंचित वळवलं, तर ढुंगण भलतीकडेच गेलं. गतिरोधकावर मागून अशी उडाली की टाळू छताला लागली. चेसिस वाकलेली असणार. अपघाताची गाडी. नानांची ती सुपारी!
मं. गॅलरीतून पाहत होती. "कशी शे?" म्हटलं, झकास.

१५ एप्रिल
गॅरेज. रफिकभाई म्हणतो चेसिस सरळ, अलाइनमेंटही ठीक. मग दुसऱ्या गॅरेजात नेली, तोही तेच म्हणाला. दोघांचं एकमेकांशी फोनवर बोलणं झालं असेल का? मं. म्हणाली, "तुम्ही देवनं बी सील तपासशात."
टायरमध्ये हवा फार होती, दारावरच्या पट्टीवर लिहिलीय तेवढीच ठेवली. मागचे शॉकअप नवे टाकले. चार आणे फरक. बारा आणे नाच तसाच.

१९ एप्रिल
मंगलाच्या जागी तांब्या. गादी घातली, दोन उशांच्या मध्ये काठोकाठ भरलेला तांब्या घट्ट बसवला आणि पाळधीपर्यंत जाऊन आलो. तांब्यात घोटभर पाणी उरलं, बाकी सगळं गादीत. मं. गादी उन्हात टाकायला सांगत हसत होती. "मी सांडाव नही तशी."
हसणं थांबल्यावर म्हणाली, मायशी बोलायचंय. फोन लावला. मेहुण्याने, भटूने उचलला. माय झोपेल शे म्हणे. कालही झोपलेलीच होती. त्याच्या आदल्या दिवशी देवळात.
सासूबाईंना चालवत नाही. देवळात कोणी नेलं?
मं.ला काही बोललो नाही.

२२ एप्रिल
मं.ला धरून खाली आणलं, उभ्या गाडीत झोपवून पाहिलं. छान मावली. छताकडे बघत पडून राहिली. उतरायचं नावच घेईना. मग तिथूनच म्हणाली, "तुम्ही फैजपूरले चालाडी तवय मांगे काय व्हतं?"
"काही नाही. खताच्या गोण्या."
"मंग गाडी भरेल व्हती ना!"
डोक्यात लख्ख प्रकाश. नोकरीत लोकांच्या पलंगाखालच्या वायरी शोधून काढल्या, आणि डोळ्यांदेखतच्या गोण्या दिसल्या नाहीत.
नानांना फोन केला. आवाज चढवूनच. ते थंड. "केयीचे घड वाहाची गाडी हाये भाऊ. मागच्या स्प्रिंगात रबर ठोकेल हाये, नाहीतर बसून जाते. आमच्या इकडे बठ्ठेच ठोकतात. रिकामी कोन चालोते?"
"मग सांगितलं का नाही?"
"तुम्ही इचारलं असतं तर सांगितलं असतं ना."
पकडलेला प्रत्येक मीटरचोर मला हेच वाक्य ऐकवायचा. पण हा म्हातारा खोटं बोलतोय असंही वाटत नाही. ठरत नाही. डोकं उठलं.

२४ एप्रिल
रफिकभाईने रबराचे ठोकळे काढले. दगडासारखे. विचारलं, हे तुला आधी दिसले नव्हते? म्हणे, "दिसले ना साहेब. मला वाटलं तुम्हालाच हवेत. तिकडच्या सगळ्या गाड्यांना असतात." सगळ्यांना ठाऊक, कोणी लपवत नाही, आणि सांगतही कोणी नाही! स्प्रिंगा दबून गेलेल्या निघाल्या, त्या बदलल्या.
संध्याकाळी तांब्या घेऊन पाळधी. पाणी काठाखाली दोन बोटं, बस्स. वळणावर मागचा भाग पुढच्याच्या मागोमाग मुकाट येतो. एकटाच गाडीत ओरडलो, शाब्बास! फार बरं वाटलं.

२७ एप्रिल
भटूला विचारलं, झोका टांगला का? दर आखाजीला सासूबाई दारच्या निंबाला दोर बांधून घेतात, लेक येवो न येवो. घरात कोणी गेलं असेल त्या वर्षीच तेवढा टांगत नाहीत. सरळ प्रश्न, हो किंवा नाही.
"तुम्ही या तर खरं, दाजी."
हे उत्तर नाही. मी त्याला म्हटलं, सासूबाईंना फोन दे. म्हणे रेंज नही. फोन कट.
मं.ला सांगू? सांगितलं आणि काहीच नसलं तर हकनाक रडवेन. मणक्याला रडणंही सोसत नाही. नाही सांगितलं आणि खरं निघालं तर... "इचारलं असतं तर सांगितलं असतं" म्हणणार आहे का मी तिला?
तिने बांगड्या आणवल्या आहेत, मायसाठी हिरव्या. हिरव्या का, तर सासरे अजून आहेत. त्यांनाही फोनवर कोणी देत नाही.

३० एप्रिल, आखाजी. धुळ्याच्या पुढे, चहाची टपरी.
सकाळी उजाडताच निघालो. एरंडोल, पारोळा, सगळीकडे गाडी एका रेषेत. मं. मागे पडून, उशाशी तांब्या. तिनेच हट्टाने भरून घेतला. मधूनमधून सांगते, "भरेल शे, भरेल शे." अंगावर नवं लुगडं.
आता भटूचा फोन आला. "दाजी, घर नका येऊ सरळ. मी फाटावर उभा ऱ्हास." का, विचारलं. "या तर."
परत लावून दरडावून विचारता येईल. आयुष्यभर हेच केलं, सील फोडून आत पाहिलं. आज हात होत नाही. मला भीती वाटतेय.
मागून आवाज. "कोणाना फोन व्हता?"
"रफिकभाईचा. गाडी कशी चाललीय विचारत होता."
 मग म्हणाली, "तुम्हले खोटं बोलता येत नही. मायले इतला दिवसमा एकदा बी फोनवर येता उनं नही, माले समजत नही का?" आवाज मोडला नाही तिचा. "आते एकच करा. माले आठून फक्त आभाय दिसस. गाव उनं का निंबकडे देखज्यात, आनि झोका शे का नही ते माले सांगज्यात. खरं सांगज्यात."
चहा तसाच राहिला. तांब्या अजून भरलेलाच आहे. सोनगीरचा किल्ला इथून दिसतो, त्याच्या पायथ्याला फाटा. गाडी सुरू करतो.